निद्रेच्या उंबरठ्यावर

दिवस आणि रात्र यांच्या सांध्याला आपल्या घरांतून मोठा मान आहे. त्या वेळीं देवापुढें दिवा लागतो, मुलें शुभंकरोति म्हणतात, वडील मंडळी संध्येला बसतात, आणि त्या वेळीं निजूं नये असा दंडकही पाळला जातो. परंतु याच जातीचा दुसरा एक सांधा प्रत्येक मनुष्याच्या आयुष्यांत रोज निदान दोन वेळां येतो, आणि त्याची दखल सहसा कोणी घेत नाहीं. जागृति संपत आली आहे पण निद्रा अजून लागलेली नाहीं, किंवा निद्रा सुटत आहे पण जाग पुरती आलेली नाहीं, तो हा सांधा होय. त्याचा काळ थोड्या मिनिटांचा. पण तेवढ्यांत मनाचे व्यापार असे कांहीं पालटतात कीं, त्यांविषयीं अज्ञान असल्यास घरांत भय शिरतें, साधनेंत खंड पडतो, आणि रस्त्यावर तर प्राणावर बेततें. म्हणून या अवस्थेचा थोडा विचार वाचकांपुढें मांडावा, असें आम्हांस वाटलें.

मराठी भाषेनें या अवस्थेचे बारकावे चांगले टिपले आहेत. दुपारच्या जेवणानंतर डोळ्यांवर येते ती झापड. बसल्या जागीं मान पुढें पडते ती पेंग. क्षणभर डोळा लागून पुन्हां उघडतो ती डुलकी. तापांत किंवा औषधानें येते ती गुंगी. आणि मन एकाच गोष्टींत रंगून बाहेरचें भान सुटतें ती तंद्री. या शेवटल्या शब्दाचें मूळ संस्कृत 'तंद्रा' हें आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत, चौथ्या अध्यायांत, निद्रेबरोबर तंद्रेचें निराळें लक्षण दिलें आहे. इंद्रियांना आपल्या विषयांचें ज्ञान नीट होत नाहीं, अंग जड होतें, जांभया येतात, थकवा वाटतो, आणि मनुष्य झोपेनें पीडल्यासारखा वागतो, ती तंद्रा. निद्रेचें कारण कफ व तमोगुण. तंद्रेंत त्यांना वाताचीही जोड मिळते, असा भेद तेथें केला आहे. ती उपपत्ति आज कोणी मानो वा न मानो. तंद्रा ही केवळ अपुरी झोप नसून स्वतंत्र लक्षणांची अवस्था आहे, हें त्या वैद्यांनीं पाहून ठेविलें होतें, एवढें खरें.

आतां या अवस्थेंत घडतें काय, तें पाहूं. प्रथम विचारांची साखळी ढिली होते. उद्यांच्या बाजाराची यादी मनांत चालू असतांना मध्येंच बालपणीचा वाडा येतो, त्या वाड्यांत भाजीवाली बसलेली असते, आणि त्यांत विसंगत कांहीं आहे असें मुळींच वाटत नाहीं. मग चित्रें दिसूं लागतात: ठिपके, रंगांचे पट्टे, अनोळखी चेहरे. कधीं कोणी आपल्याला नांवानें हांक मारल्याचा भास होतो. कधीं जिन्याची पायरी चुकल्यासारखें वाटून सर्व अंगाला हिसका बसतो व मनुष्य दचकून जागा होतो. हा हिसका निकोप प्रकृतीच्या माणसांनाही बसतो. तो रोगाचें चिन्ह नव्हे.

ज्या घरांत उन्हाळ्याचें वाळवण होतें तेथील स्त्रियांना आणखी एक अनुभव असेल. दिवसभर पापड लाटावे आणि रात्रीं डोळे मिटतांच पुढें पापडच पापड दिसावे! आगगाडीच्या लांब प्रवासानंतर अंथरुणावर पडलें कीं गाडीचे हेलकावे पुन्हां जाणवतात, तेंही यांतलेंच. ही साधी गोष्ट २००० साली अमेरिकेंतील रॉबर्ट स्टिकगोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रयोगानें तपासली. त्यांनीं २७ जणांना संगणकावरील 'टेट्रिस' हा ठोकळे रचण्याचा खेळ खेळावयास लाविलें. त्यांपैकीं १७ जणांनीं झोप लागतांना ते ठोकळे पडतांना दिसल्याचें सांगितलें. विशेष हें कीं, या २७ जणांत ५ जण स्मृतिभ्रंशाचे रोगी होते. आपण असा खेळ खेळलों हेंच त्यांना आठवत नसे. तरीही त्यांतील तिघांना ते ठोकळे दिसले. म्हणजे जागेपणीं जें आठवत नाहीं, तेंही या उंबरठ्यावर वर येऊं शकतें.

या अवस्थेंतील चित्रांना शास्त्रीय नांव दिलें तें आल्फ्रेड मोरी या फ्रेंच पंडितानें, १८४८ साली. ग्रीक भाषेंत 'हिप्नॉस' म्हणजे निद्रा. तिच्याकडे नेणारीं म्हणून त्यानें त्यांना 'हिप्नॅगॉजिक' हें विशेषण लाविलें. मोरी स्वतः खुर्चींत डोळे मिटून पडत असे व दुसऱ्याकडून स्वतःस जागें करवून काय दिसलें तें टिपून ठेवीत असे. पुढें जर्मनींतील येना येथें हान्स बर्गर यानें १९२४ साली मनुष्याच्या मेंदूंतील विद्युल्लहरी प्रथम नोंदविल्या व १९२९ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेव्हांपासून हा उंबरठा कागदावर पाहतां येऊं लागला. डोळे मिटून स्वस्थ पडलेल्या जागृत मनुष्याच्या मेंदूंत सेकंदाला ८ ते १३ आंदोलनांच्या लहरी उठतात. झोप येऊं लागली कीं त्या विरळ होतात व त्यांच्या जागीं अधिक मंद लहरी येतात. मिटल्या पापण्यांखालीं बुबुळें सावकाश इकडून तिकडे फिरूं लागतात. निद्रेची ही पहिली पायरी. सबंध रात्रीच्या झोपेंत तिचा वांटा सुमारें विसावा.

या पायरीवरील मनुष्यास जागें केलें तर तो बहुधा म्हणतो, "मी झोपलोंच नव्हतों." ओसरीवर वर्तमानपत्र तोंडावर घेऊन घोरणारे आजोबा, नातवंडें हसलीं कीं, "मी सर्व ऐकत होतों," असें ठांसून सांगतात, त्यांत लबाडी नसते. कांहीं शब्द त्यांच्या कानीं पडलेले असतात, आणि मधले गळलेले शब्द गळले हें त्यांना कळलेलें नसतें. आजोबांच्या बाबतींत हा विनोदाचा विषय आहे. तो सर्वत्र विनोदाचा राहत नाहीं, हें पुढें दिसेल.

आमच्या शास्त्रकारांचें लक्ष या सांध्याकडे फार पूर्वीं गेलें होतें. बृहदारण्यक उपनिषदांत याज्ञवल्क्य जनकाला सांगतात कीं, पुरुषाचीं स्थानें दोन, हा लोक व परलोक. आणि तिसरें स्थान 'संध्य', म्हणजे दोहोंच्या सांध्यावरचें, तें स्वप्नाचें. तेथें उभा राहून तो दोन्ही स्थानें पाहतो. मोठा मासा जसा नदीच्या दोन्ही तीरांना आलटून पालटून जातो, तसा पुरुष जागृति व स्वप्न या दोहोंत वावरतो, असा दृष्टान्तही तेथें आहे. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादाचा आरंभ या 'संध्य' शब्दापासूनच होतो. हे ग्रंथ स्वप्नालाच संध्य म्हणतात, हें खरें. परंतु काश्मीरच्या शैव परंपरेंतील विज्ञानभैरव ग्रंथ त्याहून नेमक्या ठिकाणीं बोट ठेवतो. बाहेरचे विषय मावळले आहेत आणि झोप अजून आलेली नाहीं, त्या अवस्थेवर मन स्थिर करावें, अशी एक धारणा त्यांत सांगितली आहे.

२०२४ सालापासून अहिल्यानगर हें नांव धारण करणाऱ्या आमच्या नगर जिल्ह्याला तर या विचाराचा वारसाच लाभला आहे. प्रवरेच्या कांठीं नेवासें येथें शके १२१२ त, म्हणजे इसवी सन १२९० त, ज्ञानेश्वरांनीं गीतेवरील टीका सांगितली व सच्चिदानंद बाबांनीं ती लिहून घेतली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असें मानतात, तो 'पैस' आजही तेथें पूजिला जातो. अतिशय झोपणाऱ्याला योग साधत नाहीं व अतिशय जागणाऱ्यालाही साधत नाहीं, हा गीतेच्या सहाव्या अध्यायांतील उपदेश या टीकेच्या द्वारें मराठी घराघरांत पोहोंचला. परंपरेप्रमाणें अमृतानुभवही नेवाशाचाच. त्याच्या तिसऱ्या प्रकरणाच्या आरंभीं ज्ञानेश्वर म्हणतात त्याचा आशय असा कीं, चार वाणींच्या हांकेनें आत्म्याची झोप उडते खरी, पण तेवढ्यानें ऋण फिटत नाहीं. कारण तें जागें होणेंही एक निद्राच आहे. जागृति म्हणजे संपूर्ण प्रकाश व निद्रा म्हणजे संपूर्ण अंधार, अशी सोपी वांटणी या महापुरुषाला मान्य नव्हती.

मात्र येथें एक सावधगिरी हवी. जपाला बसलेल्या वृद्धाची माळ हातांतून गळते, मान झुकते, डोळ्यांपुढें तेज किंवा मूर्ति तरळते, आणि घरचीं माणसें म्हणतात, "समाधि लागली." वेदान्ताला हें मान्य नाहीं. सदानंदाच्या वेदान्तसारांत समाधीचीं चार विघ्नें सांगितलीं आहेत, त्यांत पहिलें 'लय', म्हणजे चित्ताचें झोपेंत बुडणें. आणि चित्त लयांत गेलें तर त्याला जागें करावें, असा गौडपादाचार्यांचा स्पष्ट आदेश आहे. या आदेशाचें लौकिक उदाहरण आमच्याच जिल्ह्यांत सांपडतें. गोविंद रघुनाथ दाभोलकर यांच्या श्रीसाईसच्चरितांत असें वर्णन आहे कीं, शिर्डीच्या मशिदींत साईबाबा, म्हाळसापति व तात्या कोते पाटील हे तिघे पूर्व, पश्चिम व उत्तर अशा दिशांना डोकीं करून व मध्यें पायांस पाय लावून निजत, गोष्टी बोलत, आणि एखाद्याला झोप लागूं लागली तर दुसरे त्याला उठवीत. तात्या घोरूं लागले कीं बाबा उठून त्यांना हलवीत. कोणाची श्रद्धा असो वा नसो, डोळा लागणें व ध्यान लागणें यांतील भेद या प्रसंगावरून लहान मुलालाही कळेल.

विद्यार्थ्यांसाठीं या अवस्थेची एक बाजू उत्साह देणारी आहे. बेन्झीनच्या रेणूची वर्तुळाकृति रचना आपल्याला शेकोटीजवळ डुलकी लागली असतां, स्वतःचें शेपूट तोंडांत धरणाऱ्या सापाच्या रूपानें सुचली, असें केकुले या जर्मन रसायनज्ञानें १८९० साली आपल्या सत्कारप्रसंगीं सांगितलें. अशा आख्यायिका नुसत्या ऐकून न सोडतां पॅरिस येथील संशोधकांनीं २०२१ साली त्यांची परीक्षा घेतली. त्यांनीं १०३ जणांना गणिताचीं उदाहरणें दिलीं. तीं झटकन सोडविण्याची एक छुपी युक्ति होती, पण ती सांगितली नव्हती. मध्यें वीस मिनिटें अंधारांत, हातांत पेला धरून, आरामखुर्चींत विसांवा दिला. झोप लागली कीं पेला पडे. जे त्या काळांत जागेच राहिले, त्यांपैकीं शेंकडा ३० जणांना पुढें ती युक्ति सांपडली. ज्यांना पहिल्या पायरीवरची झोप निदान पंधरा सेकंद लागली, त्यांपैकीं शेंकडा ८३ जणांना सांपडली. आणि जे त्याहून खोल झोपेंत उतरले, त्यांपैकीं शेंकडा १४ जणांनाच. एका प्रयोगावरून सिद्धान्त बांधूं नये. शिवाय ज्यांनीं आधीं उदाहरणें सोडविण्याची खटपट केली होती, त्यांनाच हा प्रसाद मिळाला; केकुलेनेंही वर्षानुवर्षें डोकें शिणविलें होतें. तथापि अभ्यास करून थकलेला मुलगा पुस्तकावर क्षणभर पेंगला तर त्याच्या पाठींत रट्टा घालण्यापूर्वीं वडिलांनीं हे आंकडे आठवावे.

आतां भयाची बाजू. आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत कांहीं वर्षांपूर्वीं असें झालें कीं, नव्या सुनेला पहांटे जाग येई, डोळे उघडे, खोली ओळखीची, पण हात हालेना, तोंडांतून शब्द फुटेना, आणि छातीवर कोणी बसलें आहे असें वाटे. दोन-चार वेळां असें होतांच घरांत कुजबूज सुरू झाली. कोणी माहेरची बाधा म्हटली, कोणी वाड्यांतील जुन्या विहिरीचें नांव घेतलें, आणि एका मांत्रिकाला बोलावणें धाडण्यापर्यंत मजल गेली. त्या घरचे वडील आमचे जुने स्नेही. ते सल्ल्याला आले, तेव्हां आम्हीं एकच प्रश्न विचारला, "मुलगी रोज झोपते किती?" चौकशींत निघालें तें असें. सासूबाईंच्या शस्त्रक्रियेनंतर दीड महिना रात्रीचें उठणें-बसणें ती एकटी करीत होती, पहांटे पुन्हां पाण्याच्या वेळेला उठत होती, आणि मधल्या तुटक झोपेंत उताणी पडत होती. आम्हीं त्यांना डॉक्टरांकडे पाठविलें. औषधाची गरज पडली नाहीं. रात्रीची पाळी मुलगे, जावा व नणंद यांच्यांत वांटली गेली, सुनेला सलग झोप मिळूं लागली, कुशीवर निजण्याची संवय लागली, आणि पंधरवड्यांत तें छातीवरचें ओझें उतरलें.

यांतील कार्यकारणभाव असा आहे. स्वप्नें पडतात त्या झोपेंत शरीराचे बहुतेक स्नायु निसर्गतःच शिथिल होतात. नाहीं तर आपण स्वप्नांत धांवतांना खरोखरच अंथरुणांतून धांवलों असतों. कधीं मन आधीं जागें होतें व शरीराची ही शिथिलता क्षणभर मागें राहते. स्वप्नाचा शेवटचा तुकडा मग उघड्या डोळ्यांपुढें उभा राहतो, आणि श्वास हवा तसा ओढतां येत नाहीं म्हणून छातीवर भार वाटतो. हें कांहीं सेकंद, फार तर एक-दोन मिनिटें टिकतें व आपोआप जातें. अपुरी झोप, अवेळीं झोप, उताणें निजणें यांनीं तें वाढतें. जपानांत याला 'कानाशिबारी', म्हणजे जखडणें म्हणतात. कॅनडांतील न्यूफाउंडलंड बेटावरचे लोक 'म्हातारी बसली' म्हणतात. देश बदलला कीं भुताचें नांव बदलतें, छातीवरचा भार तोच राहतो. यावरून तो भार भुताचा नसून मनुष्यदेहाचा आहे हें उघड आहे. भूत उतरविण्याच्या निमित्तानें कोणालाही मारहाण करणें हा महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. पण कायद्याची वेळ येण्यापूर्वींच घरच्या वडिलांनीं झोपेचा हिशेब विचारावा. मात्र दिवसां अचानक अनावर झोप येणें, हंसतांना अंगांतील बळ एकदम जाणें, किंवा घोरतां घोरतां श्वास थांबणें, अशीं लक्षणें असतील तर वैद्यकीय तपासणी टाळूं नये.

शेवटीं रस्त्याची गोष्ट. पूर्वीं बाजाराहून परततांना गाडीवान पेंगला तरी बैल ओळखीच्या वाटेनें घर गांठीत. मोटारीला घर ठाऊक नसतें. ताशीं ८० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत २२ मीटर जाते. चालकाला चार सेकंदांची डुलकी लागली तर ती सुमारें ८९ मीटर अंतर बिनचालकाची धांवते. आणि वर सांगितल्याप्रमाणें, या पायरीवरील मनुष्याला आपण झोपलों हें कळतही नाहीं. आमच्या जिल्ह्यांत गळिताच्या हंगामांत उसानें लादलेल्या गाड्या व ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर असतात, कांहीं कडेला बंद पडलेलेही असतात; आणि त्याच रस्त्यांवरून पुण्या-मुंबईचीं कुटुंबें शिर्डीची पहांटेची काकड आरती गांठण्यासाठीं रात्रीं निघतात. रात्रीं दोन ते सहा हा काळ शरीराच्या घड्याळाप्रमाणें निद्रेच्या सर्वांत प्रबळ ओढीचा. दिवसभर कचेरींत काम करून आलेल्या मुलाच्या हातीं त्या वेळीं गाडी द्यावयाची आणि मागें आजी, सून, नातवंडें यांनीं निश्चिंत झोपावयाचें, हा बेत भक्तीचा असला तरी शहाणपणाचा नव्हे. खिडकी उघडणें, गाणीं लावणें, गालावर चापट्या मारणें, यांनीं झोप टळत नाहीं, फक्त थोडी लपते. जांभया वाढल्या, पापण्या जड झाल्या, मागचे एक-दोन मैल कसे गेले तें आठवेना, कीं सुरक्षित जागीं गाडी उभी करावी, चहा किंवा कॉफी घ्यावी, आणि वीस मिनिटें डोळे मिटावे. उठेपर्यंत पेयाचा गुणही अंगीं उतरतो. याहून चांगलें म्हणजे दिवसां निघावें. आरती दुसऱ्या दिवशीं मिळते.

या सर्वांचें सार घरच्या व्यवहारांत थोडक्यांत असें सांगतां येईल. अंथरुणावर हा उंबरठा आला तर त्याला शांतपणें येऊं द्यावें, व त्या वेळीं हातांतला मोबाइल दूर ठेवावा. जपाच्या आसनावर आला तर उठून तोंड धुवावें. अभ्यासाच्या चौरंगावर आला तर पंधरा मिनिटांची डुलकी घेऊन पुन्हां बसावें. पहांटे देह जखडला तर भिऊं नये. बोट किंवा पापणी हलविण्याचा सावकाश प्रयत्न करावा. आणि गाडीच्या चाकामागें आला तर एक क्षणही न दवडतां थांबावें. घरांत आजारी माणूस असेल, तर त्याच्या उशाशीं रात्रीं कोण बसतें व त्या माणसाची झोप केव्हां भरून निघते, याची पाळी वडिलांनीं स्वतः लावून द्यावी. एवढी एक गोष्ट जरी आमच्या वाचकांपैकीं कांहीं घरांत या महिन्यांत झाली, तरी लिहिल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.